पावण्याची जांभई

सुरतच्या लिंबायतमध्ये कुणालाही विचारा की सुपडू कुठे राहतो. पत्ता नंतर सांगेल, आधी विचारेल, "आता काय केलं त्यानं?" तो सुपडू म्हणजे मी. वय एकोणपन्नास, एक गुडघा बरा, एक कामातून गेलेला, आणि खोड्या काढायची सवय अजून जशीच्या तशी.

बावीस वर्षं लूमवर काढली. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात. एक माणूस आठ-आठ माग सांभाळतो, आणि आवाज असा की बाजूचा माणूस आपल्या नावानं बोंबलला तरी त्याचे फक्त दात दिसतात. त्यामुळे खात्यात सगळं बोलणं हातानं. दोरा तुटला, पाणी पाहिजे, शेठ आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. बदलीची खूण सगळ्यात गोड. बारा तास उभं राहून पाय लाकडं झालेले असतात, पण पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय माग सोडायचा नाही. तो मागून येतो आणि खांद्यावर दोन थापा मारतो. थापा पडल्या की आपण सुटलो.

माझी नामी खोडी हीच होती. पाळी संपायला तासभर उरला की मी भटूच्या नाहीतर रामदासच्या मागे जायचो, खांद्यावर दोन थापा मारायचो आणि खांबाआड व्हायचो. तो वळायचा. त्या वळण्यात चेहरा असा फुलायचा की काय सांगू. मग मागे कुणीच नाही. मी खांबाआड पोट धरून हसायचो, आणि तो पुन्हा तुटका दोरा जोडायला वाकायचा. तेव्हा मला त्यात मजेशिवाय दुसरं काही दिसलं नाही, खरं सांगतो.

मग आमचं खातं बंद पडलं. पाण्यावर चालणारे नवे माग आले, त्यांना माझ्यासारखी माणसं कमी लागतात. मी रिक्षा घेतली. कानांनी तोवर निम्मं काम सोडलं होतं. जाड आवाज येतात, म्हणजे ट्रकचा, शेठचा, शेजारच्या भांडणाचा. बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, मोबाईलची रिंग गेली. घरात शिट्ट्या कलाबाई मोजते. कलाबाई म्हणजे आमची मंडळी. दिवसभर साड्यांवर खडे चिकटवते, माल घरी आणून. तिचे डोळे चाललेत, माझे कान गेलेत, दोघांचं मिळून एक माणूस बरा चालतो.

पर्वत पाटिया भागातल्या एका साडीवाल्या शेठची पार्सलं मी रिक्षातून पोचवायचो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एकदा तो म्हणाला, "सुपडूभाई, वांदरां साचवशो?" म्हणजे माकडं सांभाळशील का. मी म्हणालो, शेठ, मला चार पोरं झाली, सगळी माकडंच होती, सांभाळली. त्यानं मला बंगल्याच्या गच्चीवर नेलं. तिथं खोलीएवढा जाळीचा पिंजरा, त्यात झाडाच्या फांद्या, दोऱ्या, आणि तीन माकडं. माकडं कसली, खारीएवढी. पूर्ण वाढलेलं माकड माझ्या एका मुठीत मावेल. शेपूट अंगापेक्षा लांब, तिच्यावर राखाडी पट्टे, आणि दोन्ही कानांना पांढऱ्या केसांचे झुबके, जसा काही कानात कापूस कोंबून खात्यात चाललाय. शेठ म्हणाला, मार्मोसेट, ब्राझीलच्या जंगलातली जात.

इतक्या लांबून आलेला, म्हणून नराचं नाव मी पावणा ठेवलं. त्याची बायको पावणी. आणि त्यांची सव्वा वर्षाची पोरगी, ती पोट्टी. रिक्षा फक्त सकाळ-संध्याकाळ चालवायची, मधला सगळा वेळ गच्चीवर.

कामाचं म्हणाल तर बरं होतं. रात्री तिघं एका लाकडी पेटीत एकमेकांना चिकटून झोपायची. सकाळी आधी पावणा तोंड बाहेर काढायचा, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकडी करून मला बघायचा, जसं काही मी रात्रीतून बदललो असेन. मग त्यांचा नाश्ता. केळं मी सोलून द्यायचो, पण जीव सगळा डिंकावर. बाभळीची ओली फांदी बांधून दिली की खालच्या दातांनी पटाशीसारखं साल खरवडायचं, भोक पाडायचं, डिंक पाझरला की चाटायचा. आणि चाटून झालं की त्याच भोकावर मुतायचं, हे माझं म्हणून. टोळ दिला की दोन हातांत धरून डोक्यापासून खायचा. दुपारी एक आडवा पडायचा, दुसरा त्याचे केस विंचरल्यासारखे चाळायचा.

आणि शेठ वर आला की पावणा वळायचा, शेपूट ताठ वर करायचा आणि शेठला मागची सगळी दौलत दाखवायचा. ती त्यांची धमकी असते म्हणे. शेठला वाटायचं नमस्कार करतो. मीच तसं सांगितलं होतं. शेठ रोज हात जोडायचा.

होळीनंतर पावणीला जुळं झालं. अंगठ्याएवढी दोन पिल्लं. मला वाटलं आता आईच्या मागे लागतील. पण पावणीनं दूध पाजलं की ती पिल्लं अंगावरून घासून काढायची आणि डिंकाकडे निघून जायची. पाठीवर घेऊन फिरायचा तो पावणा. दोन पिल्लं म्हणजे त्याच्या अंगाच्या पाव वजनाची. खाताना पाठीवर, उडी मारताना पाठीवर, झोपताना पाठीवर.

आणि इथं माझ्या हातून चूक झाली.

पोट्टी सारखी बापाच्या मागे. तो फांदीवर बसला की ती जवळ यायची, पाठीवरच्या एका पिल्लाला धरून ओढायची. पिल्लू तोंड वासायचं, बाप अंग हलवायचा, ती पुन्हा ओढायची. कधी तिला पिल्लू मिळायचं, मग ती ते घेऊन वरच्या दोरीवर पळायची. मी जन्मभर खोड्या काढल्या. मला दुनियेत जिकडे तिकडे खोडीच दिसते. मी म्हटलं, ही पोट्टी आपल्याच जातीची, बापाला आराम पडू देत नाही. पडलं एखादं पिल्लू दोरीवरून तर? मी शेठला सांगितलं, हिला वेगळी करा.

शेठनं माझ्याहून पुढचं केलं. त्याची मुलगी बारडोलीला दिली आहे, ऊसवाल्यांच्या घरात. वेवाई, म्हणजे व्याही, आले होते, त्यांना पोट्टी आवडली. शेठनं दुसऱ्या दिवशी पक्ष्याच्या पिंजऱ्यात घालून गाडीनं पाठवून दिली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून पावणा जाळीच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला बसायला लागला. बसायचा आणि तोंड उघडायचा. मोठं, लांब. मिटायचा, पुन्हा उघडायचा. मी म्हटलं, लेका, तुझं बरंय, जांभया तरी देता येतात. मीही समोर बसून जांभई द्यायचो. त्यानं एक दिली की मी एक. ऊन चढत चाललं होतं, गच्चीची फरशी तव्यासारखी, आणि आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर तोंडं वासून.

चार दिवसांत त्याची पाठ उतरली. बरगड्या दिसायला लागल्या. टोळ दिला तर हात पुढे यायचा आणि मधेच थांबायचा. फांदीवरून फांदीवर जाताना आधी नुसता बघत बसायचा, जसं मी हल्ली आमच्या जिन्याकडे बघतो. पाचव्या दिवशी त्याची उडी चुकली. एक पिल्लू खाली पडलं. मी घातलेल्या गोणपाटावर पडलं म्हणून वाचलं. मी एका पायमोज्यात चिंध्या भरून त्यात पिल्लू ठेवलं, म्हटलं थोडा वेळ मी सांभाळतो. पावणा खाली आला, माझ्या बोटाला चावला, पिल्लू पाठीवर घेतलं आणि तसाच खालीच बसून राहिला. वर चढायची ताकद नव्हती.

शेठचा डॉक्टर आला, पाणी टोचून गेला. शेठला म्हणाला, नर जाईल असं वाटतं, आणि तो गेला की पिल्लं दोन दिवस काढतील. पावणी पुन्हा गाभण होती, ती पिल्लांना अंगावर राहू देणार नाही.

त्या दिवशी मी डबा विसरलो होतो. कलाबाईचा माल संपला होता म्हणून ती स्वतः डबा घेऊन आली. गच्चीचं दार उघडलं आणि तिथंच थांबली. डबा खाली ठेवून दोन्ही कानांवर हात.

"काय झायं?" मी आमच्या गावाकडच्या बोलीत विचारलं.

"हाऊ केवढा वरडी ऱ्हायना."

"कोन?"

"हाऊच. तुमना पावणा."

मी बघितलं. पावणा कोपऱ्यात, तोंड वासलेलं. "अगं, तो जांभया देस."

"जांभया?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की पुन्हा काही खोडी आहे का. "आठे मना कान फुटी ऱ्हायनात. शिट्टी मारस तो. लांब शिट्टी. मारस, थांबस, ऐकस, पुन्हा मारस. कोनले तरी बलाई ऱ्हायना."

मी जाळीजवळ गेलो. त्याच्या तोंडाशी कान नेला. त्यानं तोंड उघडलं, गळ्याची कातडी थरथरताना दिसली. मला काही नाही. बंद पडलेल्या खात्यासारखं.

पाच दिवस तो बोलावत होता, आणि मी समोर बसून त्याला जांभया देत होतो.

मी कलाबाईला पोट्टीचं सगळं सांगितलं, पिल्लं कशी ओढायची, मी शेठला काय म्हणालो. ती डबा बाजूला सरकवून जाळीपाशी बसली. मग म्हणाली, "मी पाच भावंडं कडेवर वागाडेल शेतस. आईकडथून पोऱ्या घेवाले गये का तो पोऱ्या रडसच. म्हनीसन काय आम्ही आईनी खोडी काढतंत का?"

मी पायमोज्यातल्या चिंध्या काढायला लागलो.

"ती वढत नव्हती," ती म्हणाली. "घ्यायले येत होती. त्यानी बदली होती ती."

खांबाआड उभा राहून मी किती माणसांच्या खांद्यावर खोट्या थापा मारल्या असतील, त्याची गिनती नाही. पण ज्याची बदली खरंच आली होती, तिला मी हाकलली, हे पहिल्यांदाच.

संध्याकाळी शेठकडे गेलो. सरळ सांगितलं, शेठ, चूक माझी, पोट्टी परत आणा, नाहीतर पावणा आणि दोन्ही पिल्लं जातील. शेठ वाईट माणूस नाही. त्यानं ऐकून घेतलं, मग मान हलवली.

"सुपडूभाई, वेवाईना घरे आपेलुं पाछुं ना मंगाय. दीकरी आपी छे त्यां."

मुलगी दिली आहे त्या घरी, तिथं दिलेली वस्तू परत मागायची नाही. माकड काय, सुपारी दिली असती तरी नाही. ते म्हणतील मुलीच्या बापाची नियत फिरली, आणि ते ऐकून घेणार शेठची मुलगी.

"आणि त्यांनीच परत पाठवली तर?" मी विचारलं.

"तो जुदी वात," शेठ म्हणाला. म्हणजे ती गोष्ट वेगळी. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मने कंई कहेतो नई." मला काही सांगू नकोस. शेठ मला ओळखून होता.

दुसऱ्या दिवशी पावण्यापाशी कलाबाईला बसवलं. तिनं साड्यांचा नवा गठ्ठा तिथंच आणला. मी एसटीनं बारडोलीला गेलो. पिशवीत बाभळीची फांदी, केळी आणि एका बाटलीत पातळ केलेला डिंक. दोन्ही बाजूंना ऊस, बसमध्ये गरम वारा, आणि मी शेवटच्या सीटवर गुडघा दाबत. खोडी काढायला निघालो की माझं अंग हलकं होतं एरवी. त्या दिवशी झालं नाही.

वेवाईंचं घर मोठं. हॉलच्या मधोमध सागवानी हिंचको, म्हणजे झोपाळा. पितळी कड्या, कोरलेले खांब, पॉलिश असं की आपलं तोंड दिसावं. त्यावर वेवाण, म्हणजे विहीणबाई, बसलेल्या. मी सांगितलं, शेठनं माकडाचं खाणं पाठवलंय. पोट्टी व्हरांड्यात त्याच पक्ष्याच्या पिंजऱ्यात, अंग चोरून.

"खाती नथी," वेवाण म्हणाल्या. "आखो दिवस सीटी मारे छे."

दिवसभर शिट्ट्या मारते. ती बारडोलीत, तो पर्वत पाटियाला. मी मान खाली घातली आणि पिशवी सोडली.

"मासी, हिला पिंजऱ्याचा कंटाळा," मी म्हणालो. "सकाळी घंटाभर घरात मोकळी सोडा. दारं बंद करून. तिला झोपाळा लई आवडतो. आमच्याकडे झोपाळ्यावर बसली की खायची."

"बगाडे तो नहीं ने?" खराब तर करणार नाही ना.

"ही? हात जोडते ही. बघा." मी वाकून पिंजऱ्याशी तोंड नेलं. पोट्टी वळली, शेपूट वर केली आणि वेवाणींना सगळी दौलत दाखवली. वेवाणींनी हात जोडले.

त्या चहा करायला आत गेल्या. मी खिशातली बाटली काढली. झोपाळ्याच्या पुढच्या दोन्ही खांबांवर, कोरलेल्या वेलीच्या खाचांत, बोटानं डिंक भरला. चांगला आत. उरलेला पाटाच्या कडेला. मला त्या सुताराचं वाईट वाटलं. कुणीतरी महिनाभर बसून ती पानं कोरली असणार. पण हात थांबला नाही.

मग तीन दिवस. त्या तीन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तेच त्यांचं वाईट. कलाबाई एका कोपऱ्यात खडे चिकटवायची, मी ड्रॉपरनं पावण्याच्या तोंडात गुळाचं पाणी सोडायचो. तो आता खालीच असायचा, गोणपाटावर, पिल्लं पाठीवर. दर थोड्या वेळानं मी विचारायचो, "वरडस का?" कलाबाई मान न उचलता म्हणायची, "हां." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बारीक झाया आवाज." तिसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं तर तिनं खडे उचलायची सुई खाली ठेवली, ऐकलं, आणि मान आडवी हलवली.

चार वाजता शेठचा माणूस वर आला. बारडोलीहून गाडी मार्केटला आली आहे, दुकानावर एक पिंजरा देऊन गेलेत, घेऊन ये म्हणाले शेठ.

दुकानात शेठ गादीवर बसला होता. चेहरा दगडासारखा. "वेवाणनो फोन आव्यो," तो म्हणाला. "हिंचको करडी नाख्यो. उपरथी पेशाब." झोपाळा कुरतडला, वरून मुतली. "कहे छे, तमारी वस्तु तमने मुबारक." आणि मग वहीत तोंड घालून त्याचे खांदे हलायला लागले.

मी पिंजरा रिक्षात मागच्या सीटवर ठेवला, रुमालानं बांधला. पर्वत पाटियाच्या गर्दीत अडकलो. बाजूचा एक स्कूटरवाला वाकून माझ्या चाकाकडे बघायला लागला, मग दुसरा. मला वाटलं ब्रेक वाजतोय. आरशात बघितलं तर पोट्टी जाळीला धरून उभी, तोंड पूर्ण उघडं.

कलाबाईनं नंतर सांगितलं की रिक्षा गल्लीत वळायच्या आधीच पावण्यानं डोकं उचललं होतं. खालून शिट्टी आली, त्यानं वरून दिली. फुटकी, पण दिली. मी जिना चढत असताना दोघांचं चालूच होतं म्हणे. मी ऐकला तो फक्त माझा श्वास.

पिंजऱ्याचं दार उघडलं. पोट्टी उडी मारून गेली नाही. सावकाश गेली, गोणपाटावर बापाच्या बाजूला बसली, अंगाला अंग लावून. त्याच्या मानेचे केस थोडे चाळले. मग हात घालून एक पिल्लू ओढलं. पिल्लानं तोंड वासलं. तिनं ते पाठीवर घेतलं. थांबली. मग दुसरं ओढलं.

पावण्यानं अंग हलवलं नाही. पाठ रिकामी झाली तसा तो पोटावर सपाट पडला, हात दोन्हीकडे पसरून, जशी माणसं खात्याच्या बाहेर फुटपाथवर पडतात. पोट्टी दोन्ही घेऊन वरच्या दोरीवर गेली. पावणी तिथं आली, एकाला पाजायला लागली.

मी खाली बसलो. कलाबाई पुन्हा साडीवर वाकली होती. उन्हातून सावली तिच्या अर्ध्या पाठीवर आली होती, आणि ती खडा डोळ्याजवळ नेऊन बघायची, मग चिकटवायची. सकाळपासून तशीच होती. तीन दिवसांपासून तशीच. मी उठून तिच्या मागे गेलो आणि खांद्यावर दोन थापा मारल्या.

तिनं वळून बघितलं नाही. "माले माहीत शे तुमनी खोडी."

"आन ती साडी इकडे."

"तुमले जमनार नही. वाकडं चिटकाडशात."

"वाकडं तर वाकडं. आन."

मग तिनं वळून बघितलं. मी तिच्या हातातून सुई काढून घेतली, गोंदाची नळी घेतली, पदर मांडीवर ओढला. ती थोडा वेळ बघत राहिली की हा आता खांबाआड जातो का. मग चटईवर आडवी झाली, हाताची उशी केली.

पहिले दोन खडे खरंच वाकडे बसले. तिसरा बरा बसला. जाळीतून पावणा माझ्याकडे बघत होता, पडल्या पडल्या, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्यानं तोंड उघडलं. मोठं, लांब.

मी गोंदाची नळी खाली ठेवली. "कलाबाई," मी म्हणालो, "आता काय म्हनस तो? कोनले बलावस?"

तिनं डोळे उघडले नाहीत. नुसता कान दिला.

"काही नही," ती म्हणाली. "जांभई शे ती."